खाल्ल्या मिठाचा हिशोब



आजचा विषय तसा छोटा आहे. इअरफोनची केबल, कानात बसणाऱ्या रबरी टिप्स, हेडफोनचे पॅड, फोनला लावायचा डॉंगल, स्पीकरखालचे स्टँड अशा वस्तूंना आपण ऑडिओ ॲक्सेसरीज म्हणतो. आपल्यासारखे हौशी लोक त्यांचे रिव्ह्यू करतात. या रिव्ह्यूमध्ये प्रामाणिकपणा म्हणजे नेमकं काय, आणि ‘ही वस्तू माझ्याकडे आली कशी’ हे सांगणं का गरजेचं आहे, एवढ्याबद्दलच मला बोलायचं आहे.

दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतःचं सांगतो. मला हा नाद लागून बारा वर्षं झाली. पोट नोकरीवर चालतं, रिव्ह्यू हे रविवारचं काम. या भाषणाचे मला पैसे मिळालेले नाहीत. माझ्या घरात आत्ता तीन वस्तू रिव्ह्यूसाठी उसन्या आलेल्या आहेत, त्या परत जाणार आहेत. आज मी विकाऊ वस्तूचं एकही नाव घेणार नाही. झालं. एवढं सांगायला मला वीस सेकंद लागली असतील. हे वीस सेकंद लक्षात ठेवा, पुढे लागतील.

उसना कान

रिव्ह्यू लोक का बघतात? मुंबईला लॅमिंग्टन रोड आहे, दिल्लीला नेहरू प्लेस, बंगळूरला एस. पी. रोड, चेन्नईला रिची स्ट्रीट. तिथल्या माणसाला निदान चार दुकानं फिरून वस्तू हातात तरी घेता येते. पण आपली मराठी माणसं बऱ्हाणपूरला आहेत, सागरला आहेत, धारवाडला आहेत, निझामाबादला आहेत. तिथे कोणतं दुकान तुम्हाला पाच केबल काढून देईल आणि म्हणेल, बसा, निवांत ऐका? कानात घातलेली टिप तर दुकानदार सहसा परतही घेत नाही. म्हणजे या माणसाला ऐकून घेता येत नाही, घेऊन ऐकावं लागतं. म्हणून तो दुसऱ्याचा कान उसना घेतो. रिव्ह्यू करणारा माणूस आपला कान हजार लोकांना उसना देत असतो.

माझ्या मावसभावाचा मुलगा इंदूरला असतो. शिकाऊ उमेदवारीच्या पहिल्या तीन महिन्यांच्या पैशांतून त्याने नऊ हजारांचे इन-इअर घेतले. पुढच्या महिन्यात त्यांना चौदा हजारांची केबल घेतली. इअरफोन नऊचे, केबल चौदाची! चार रिव्ह्यू बघून घेतली होती. चारही हौशी माणसं, चौघांचं म्हणणं साधारण एकच, की केबल बदलली आणि आवाजावरचा पडदा उठला. केबल आल्यावर आठ दिवसांनी त्याचा मला फोन आला. म्हणाला, ‘‘काका, मला काहीच फरक कळत नाहीये. माझ्या कानात काही दोष आहे का?’’

पैसे गेल्याची तक्रार त्याने केलीच नाही. त्याला स्वतःच्या कानाची शंका आली होती.

मी ते चारही व्हिडिओ उघडले. दोघांना केबल फुकट मिळाली होती. ते लिहिलं होतं, पण वर्णनाच्या अगदी तळाशी, इंग्रजीत, दहा-बारा हॅशटॅगच्या गर्दीत. तिसऱ्याने दिलेल्या लिंकवरून खरेदी केली की त्याला कमिशन जात होतं. चौथ्याने काहीच सांगितलं नव्हतं. त्याने ती पदरच्या पैशाने घेतली असेल किंवा नसेलही. बघणाऱ्याला ते ठरवायला काही मार्गच नव्हता.

आता तुम्हाला वाटेल, मी या चौघांना खोटारडे म्हणणार. तसं मी म्हणणार नाही. माझा अंदाज आहे की चौघांनाही तो ‘पडदा उठल्याचा’ अनुभव खरोखर आला असेल. अडचण तिथेच आहे.

फरक कुठे मोठा, कुठे बारीक

सगळ्या ॲक्सेसरीज थोतांड आहेत, असं काही नाही. इन-इअरची टिप बदलून बघा. टिप कानाच्या पोकळीत घट्ट बसली नाही तर खर्ज गळून जातो. फोमची टिप लावली की वरचे सूर थोडे मऊ होतात. हा फरक मोजता येतो आणि कुणालाही कळतो. हेडफोनचे पॅड बदलले तरी तसंच. पाच-सातशे रुपयांच्या टिप्सनी जे होतं ते कधीकधी पाच हजार खर्चूनही होत नाही.

आता स्पीकरची वायर घ्या. घरातल्या वायरिंगला लागते तशी १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. तिच्या एका मीटरचा रोध साधारण ०.०१७ ओहम. स्पीकर तीन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर, म्हणजे रोध झाला ०.१ ओहम. स्पीकर ८ ओहमचा धरला तर या वायरमुळे आवाजात पडणारी घट आहे सुमारे ०.१ डेसिबल. गाणं ऐकताना आपल्याला एक डेसिबलच्या आसपासचा फरक जेमतेम कळतो. वायर आणखी जाड घेतली, चांदीची घेतली, तरी तुम्ही या ०.१ मधलंच काही वाचवणार.

याला अपवाद आहेत. काही इन-इअरमध्ये एकापेक्षा जास्त ड्रायव्हर असतात आणि स्वराच्या उंचीप्रमाणे त्यांचा इम्पिडन्स बराच बदलतो. तिथे केबलच्या रोधातल्या अर्ध्या ओहमचाही परिणाम मोजता येतो. शिवाय केबल किती जड आहे, कपड्याला घासली की कानात खरखर येते का, प्लग सैल होतो का, हे सगळं महत्त्वाचं आहे. त्यावर रिव्ह्यू जरूर व्हावेत.

पण बघा, फरक जितका बारीक, तितकी वस्तूपेक्षा ऐकणाऱ्याची मनःस्थिती जास्त बोलते. मिक्सरचा रिव्ह्यू करणाऱ्याला फुकट मिक्सर मिळाला तरी इडलीचं पीठ वाटलं गेलं की नाही हे सगळ्यांना दिसतं. केबलचं तसं नाही. तिथे ‘स्टेज रुंद झाला’, ‘आवाज मोकळा झाला’ हे शब्दच पुरावा असतात. म्हणून कंपनीशी असलेलं नातं उघड करण्याची गरज मोठ्या यंत्रांपेक्षा या छोट्या वस्तूंच्या बाबतीत जास्त आहे.

पोळी आणि मीठ

मराठीत एक म्हण आहे, ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. ती आपण टोमणा म्हणून वापरतो. पण आपल्याच भाषेत ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ हाही वाक्प्रचार आहे, आणि तो गुण म्हणून सांगितला जातो. खाल्ल्या मिठाला न जागणारा माणूस आपल्याला आवडत नाही. म्हणजे उपकाराची जाणीव ठेवणं हे चांगल्या माणसाचं लक्षण, असंच आपण लहानपणापासून शिकलो.

म्हणूनच फुकट आलेली वस्तू धोक्याची असते. ती वाईट माणसापेक्षा चांगल्या माणसाला लवकर वाकवते. घरी खोकं येतं, आत हाताने लिहिलेली चिठ्ठी असते, ‘तुमच्या कानावर आमचा विश्वास आहे’ असं लिहिलेलं असतं. बनवणारा बहुतेकदा तुमच्यासारखाच हौशी, घरच्या टेबलावर केबल विणून विकणारा. अशा माणसाच्या वस्तूत दोष सापडला तर लिहिताना हात जड होतो. ‘खरखर येते’च्या ऐवजी आपण लिहितो, ‘काहींना किंचित खरखर जाणवू शकेल’. यात खोटं काही नाही. फक्त मीठ बोलतंय.

हे मी नुसतं अंदाजाने म्हणत नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन संशोधकांनी १९९४ मध्ये एक प्रयोग मांडला होता. दोघेही हार्मन या ऑडिओ कंपनीत काम करत होते. चाळीस श्रोते, चार स्पीकर. श्रोते सगळे त्याच कंपनीचे कर्मचारी. एकदा स्पीकर पडद्याआड ठेवून ऐकवले, एकदा समोर दिसतील असे ठेवून. स्पीकर तेच, कान तेच. पण दिसायला लागल्यावर गुण बदलले. मोठ्या, महागड्या, घरच्या स्पीकरचे गुण वाढले. एक छोटा, स्वस्त संच होता, पडद्याआड तो चांगला वाटत होता. दिसल्यावर त्याचे गुण पडले. इतकंच नाही, स्पीकरची खोलीतली जागा बदलल्यावर आवाजात जो खरा फरक पडतो, तोही डोळे उघडे असताना लोकांना कमी जाणवू लागला.

यातल्या कुणाला खोटं बोलायचं नव्हतं. उलट आपल्याच कंपनीला खरं काय ते कळावं म्हणूनच ते बसले होते. तरीही डोळ्यांनी जे पाहिलं आणि मनाला जे माहीत होतं, ते कानात शिरलं. पगार देणाऱ्या कंपनीत हे घडतं, तर फुकट केबल आलेल्या तुमच्या-माझ्या खोलीत ते घडणार नाही असं कसं म्हणायचं?

इंदूरच्या मुलाला मी फोनवर एक खेळ सुचवला. बहिणीला मदतीला घे. डोळे बांध, केबलला हात लावू नकोस. तिने नाणं उडवून जुनी किंवा नवी केबल जोडायची, तिनेच तुझ्या कानात घालायची, आवाजाची पातळी तीच ठेवायची. तू नुसतं सांगायचं, जुनी की नवी. दहा वेळा केलं. दहापैकी सहा बरोबर आले. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी साधारण तेवढीच आली असती. तो म्हणाला, ‘‘म्हणजे माझे कान ठीक आहेत.’’ ठीकच होते. हे त्याला चौदा हजार खर्च करण्याआधी कळायला हवं होतं.

नात्यांच्या पायऱ्या

‘कंपनीने पैसे दिले नाहीत, म्हणजे मी स्वतंत्र’ असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. पैसे ही फक्त एक पायरी झाली. हौशी जगात बाकीच्या पायऱ्या जास्त वापरात आहेत.

वस्तू फुकट मिळाली आणि ठेवून घेतली. वस्तू उसनी आली आणि परत गेली. वस्तू सवलतीत मिळाली, तीही चांगलं बोलल्यावर पुढची मिळेल या आशेवर. लिंकवरून कमिशन मिळतं. तुमच्या नावाचं कूपन आहे. दहा-वीस जणांची एकत्र खरेदी तुम्ही जमवता आणि तुमचा नग त्यात फुकट पडतो. बनवणारा तुमचा मित्र आहे. तुम्ही स्वतःच केबल विणून विकता, आणि दुसऱ्याच्या केबलचा रिव्ह्यू करता. आणि सहसा कुणाच्या लक्षात न येणारी एक पायरी: वस्तू तुम्ही स्वतःच्या पैशाने घेतली आहे, पण पुढच्या महिन्यात ती जुन्या बाजारात विकायची आहे. तिचं कौतुक करण्यात तुमचाही फायदा असतोच.

मला एकदा एका विक्रेत्याचं पत्र आलं होतं. केबल ठेवून घ्या, फक्त रिव्ह्यू टाकण्याआधी आम्हाला दाखवा, आणि किमतीचा विषय काढू नका. पत्राची भाषा अतिशय गोड होती. मी केबल परत पाठवली. पण अशी पत्रं किती जणांना जात असतील आणि त्यातली किती बघणाऱ्यांपर्यंत पोचत असतील, हा विचार माझ्या डोक्यातून गेलेला नाही. रिव्ह्यू आधी दाखवण्याची अट हीसुद्धा एक पायरीच आहे, आणि तीही सांगायला हवी.

यातली कुठलीच पायरी पाप नाही. छोट्या गावातल्या हौशी माणसाने प्रत्येक वस्तू विकत घेऊनच रिव्ह्यू करावा म्हटलं, तर फक्त श्रीमंतांनीच रिव्ह्यू करायचे. उसनी वस्तू घ्या, कमिशनही घ्या. पण बघणाऱ्याला पायरी सांगा, म्हणजे तुमच्या कौतुकातून किती वजा करायचं ते त्याचं तो ठरवेल. वाणीसुद्धा तेल विकताना डब्याचं वजन वजा करूनच भाव लावतो.

कायदा काय म्हणतो

हे केवळ सज्जनपणाचं प्रकरण आहे, असंही नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातलं एक असं, की शिफारस करणाऱ्याचं आणि विकणाऱ्याचं जे नातं त्या शिफारशीच्या विश्वासार्हतेवर परिणाम करू शकतं आणि ज्याची प्रेक्षकाला कल्पना नसते, ते पूर्णपणे उघड करावं. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवर बोलणाऱ्यांसाठी वेगळी पुस्तिका काढली. कोणत्या गोष्टी उघड करायच्या त्या यादीत पैसे आहेत, प्रवास आणि हॉटेल आहे, सवलत आहे, भेटवस्तू आहेत, अटीसह किंवा विनाअट मिळालेली फुकट वस्तू आहे, आणि घरचं, मैत्रीचं किंवा नोकरीचं नातंही आहे. ‘विनाअट’ हा शब्द नीट ऐका. ‘त्यांनी काही अट घातली नव्हती’ हे उत्तर त्या यादीपुढे टिकत नाही.

पुस्तिकेत आणखी दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. व्हिडिओ असेल तर ही माहिती चित्रातही हवी आणि आवाजातही. आणि ज्या भाषेत शिफारस केली, त्याच भाषेत ती हवी. म्हणजे वीस मिनिटं मराठीत कौतुक करायचं आणि तळाशी इंग्रजीत एक शब्द टाकायचा, हे चालत नाही. हॅशटॅगच्या ढिगात लपवणंही चालत नाही.

‘पण मी छोटा माणूस, माझे बघणारे आठशे!’ त्या पुस्तिकेत किती बघणाऱ्यांपासून पुढे हा नियम लागू, असा आकडा नाही. ज्याला श्रोतावर्ग आहे आणि जो आपल्या ज्ञानामुळे किंवा नात्यामुळे लोकांच्या खरेदीवर परिणाम करू शकतो, तो त्यात येतो. अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये आपले नियम सुधारले, तेव्हा त्यात एक उदाहरणच दिलं होतं: व्हिडिओ गेमचा जाणकार म्हणून नाव मिळवलेला, त्यावर लिहिणारा कॉलेजचा विद्यार्थी, आणि त्याला फुकट मिळालेलं गेमचं यंत्र. त्या उदाहरणात नट-नटी नव्हती, तुमच्या-माझ्यासारखा हौशी पोरगा होता.

दंडाचंही सांगतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत, आणि शिफारस करणाऱ्याला एक वर्षापर्यंत शिफारशी करायला बंदी, पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे ॲस्की, या जाहिरात क्षेत्राच्या स्वतःच्या संस्थेचे नियम तर त्याही आधीचे, जून २०२१ पासूनचे आहेत. नुसता आवाज असेल तर सुरुवातीला आणि शेवटी बोलून सांगा, असं त्यात आहे.

आणि एक गंमत. फुकट ठेवून घेतलेल्या आणि परत केलेल्या वस्तूतला फरक प्राप्तिकर खात्यालाही कळतो. २०२२ मध्ये कलम १९४आर आलं, व्यवसायातून मिळणाऱ्या वर्षाला २०,००० रुपयांवरच्या लाभावर दहा टक्के करकपात. त्या वेळच्या परिपत्रकात स्पष्ट केलं होतं की समाजमाध्यमांवर प्रचारासाठी दिलेली वस्तू परत केली तर तो लाभ नाही, ठेवून घेतली तर लाभ. जे कर खात्याला सांगावं लागतं, ते आपल्या प्रेक्षकाला सांगायला लाजायचं कशाला?

सांगितलं म्हणजे सुटलो का?

इथे मात्र थोडं थांबायला हवं, कारण उघड करणं हे सगळ्यावरचं औषध नाही.

केन, लोवेनस्टीन आणि मूर या तीन संशोधकांचा २००५ मधला एक अभ्यास आहे. नाण्यांनी भरलेल्या बरण्या, आणि आत किती रक्कम आहे त्याचा अंदाज करायचा. अंदाज करणाऱ्याला बरणी लांबून दिसायची. त्याला सल्ला देणारा जवळून बघायचा. काही सल्लागारांना, समोरच्याचा अंदाज जितका फुगेल तितके जास्त पैसे मिळणार होते. काही वेळा ही गोष्ट अंदाज करणाऱ्याला उघड सांगितली, काही वेळा नाही. उघड सांगितल्यावर काय झालं? सल्लागारांनी सल्ला आणखी फुगवला. आणि अंदाज करणाऱ्यांनी थोडं वजा केलं, पण पुरेसं केलं नाही.

म्हणजे ‘सांगितलं आहे ना, आता मी मोकळा’ अशी एक वृत्ती त्यातून तयार होऊ शकते. आपल्या हौशी जगात हे मी पाहतो. सुरुवातीला घाईघाईने ‘केबल त्यांनी पाठवली आहे, पण मत माझं आहे’ हे वाक्य म्हणायचं, आणि मग पंधरा मिनिटं आरती. ‘मत माझं आहे’ हे त्या चाळीस कर्मचाऱ्यांचंही खरंच होतं.

म्हणून सांगण्याबरोबर मीठ कमी खाण्याचीही सोय हवी. मी पाळतो ते चार नियम सांगतो. पहिला, वस्तू शक्यतो परत करायची, आणि परत केल्याचं सांगायचं. दुसरा, तुलना नेहमी सोबत आलेल्या साध्या वस्तूशी करायची. तिसरा, आवाजाची पातळी सारखी करूनच ऐकायचं. मोठा आवाज आपल्याला नेहमी ‘चांगला’ वाटतो. बॅलन्स्ड केबल लावली की पुष्कळ डॉंगलमधून आवाज मुळातच मोठा येतो, आणि कौतुक केबलचं होतं! चौथा, एकदा तरी डोळे बांधून, घरातल्या कुणाला तरी अदलाबदल करायला लावून ऐकायचं. फरक ओळखता आला नाही तर तेही सांगायचं. ‘मला फरक कळला नाही’ हे चार शब्द रिव्ह्यूमध्ये फार कमी ऐकू येतात, आणि इंदूरच्या मुलाला नेमके तेच हवे होते.

कसं बोलायचं

वाक्यं साधी आहेत. मराठीत म्हणून बघा.

‘ही केबल मला बनवणाऱ्याने फुकट दिली आहे, आणि ती मी ठेवून घेणार आहे.’

‘या टिप्स मी माझ्या पैशाने घेतल्या, किंमत इतकी.’

‘खालच्या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं. न वापरता थेट शोधून घेतलंत तरी चालेल.’

‘हा माणूस माझा मित्र आहे. आम्ही दर महिन्याला भेटतो.’

‘रिव्ह्यू मी त्यांना आधी दाखवलेला नाही.’

ही वाक्यं कौतुकाच्या आधी यायला हवीत. कौतुक ऐकून मन बनल्यावर आलेली माहिती उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी असते, पंगत उठून गेलेली असते.

लोकांना भीती वाटते, एवढं सांगितलं तर आपल्यावर कोण विश्वास ठेवेल? माझा अनुभव सांगतो. मी सुरुवातीलाच सांगू लागलो तेव्हापासून माझ्या व्हिडिओंखाली ‘किती पैसे मिळाले?’ हा प्रश्न जवळजवळ बंद झाला. त्याऐवजी लोक आवाजाबद्दल विचारू लागले. काही कंपन्यांनी वस्तू पाठवणं थांबवलं, हेही खरं आहे. तो खर्च मी मान्य केला आहे.

बघणाऱ्यांसाठी

शेवटी तुमच्यासाठी, जे रिव्ह्यू बघून वस्तू घेता. तीन गोष्टी तपासा. वस्तू कशी आली, हे सुरुवातीला तुमच्या भाषेत सांगितलं का? साध्या, स्वस्त पर्यायाशी तुलना केली का? आणि या माणसाने गेल्या दहा रिव्ह्यूंत एकदा तरी ‘घेऊ नका’ म्हटलं आहे का? तिन्हीची उत्तरं ‘नाही’ असतील, तर तो व्हिडिओ जाहिरात समजून बघा. जाहिरातही बघायला हरकत नाही, फक्त ती जाहिरात आहे हे माहीत असावं.

माहिती दिलेली नसेल, तर खाली सभ्यपणे विचारा: ‘दादा, ही वस्तू तुम्हाला कशी मिळाली?’ किंवा ‘ताई, लिंकवर कमिशन आहे का?’ आरोप नको, टोमणा नको. प्रामाणिक माणूस एका ओळीत उत्तर देतो, आणि बहुतेक वेळा पुढच्या व्हिडिओत न विचारता सांगतो. तसं झालेलं मी पाहिलं आहे.

आणि तुम्ही स्वतः रिव्ह्यू करत असाल, तर एक काम सांगतो. आज रात्री आपल्या शेवटच्या पाच व्हिडिओंची वर्णनं उघडा. प्रत्येकाच्या पहिल्या ओळीत, मराठीत, ती वस्तू तुमच्याकडे कशी आली ते लिहा. पुढच्या व्हिडिओपासून ते तोंडाने बोला. मी सुरुवातीला करून दाखवलं तसं, वीस सेकंदांचं काम आहे.

प्रश्न असतील तर आता घेऊ या.